बाप जित्ता असताना

माझ्या नणंदबाई भागाबाई मुधोळहून रडत आल्या, तेव्हा ज्याच्यासाठी त्या रडत होत्या तो माणूस दुकानात कांदे तोलत होता.

तेलंगणातल्या नेरडीगोंड्याला, आदिलाबाद-निर्मल हायवेच्या कडेला आमचं भाजीचं दुकान आहे. मागे घर, घरामागे थोडा मळा. २०१६ च्या जूनमधली दुपार. निर्मलकडून आलेली बस थांबली आणि भागाबाई उतरल्या त्या छाती बडवतच. "माह्या भावा रे, मले एकटी टाकून कोठी गेला रे!" मागे त्यांचे दीर उत्तमराव, मान खाली घालून. दुकानावरची गिऱ्हाइकं बाजूला झाली. उद्धवरावांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, तागडी खाली ठेवली आणि विचारलं,

"कोण गेलं वं भागा?"

भागाबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला. समोर पाहिलं. तोंड तसंच उघडं राहिलं.

"तू," त्या म्हणाल्या.

"मी कोठी गेलो? मी त सकाळपासून इथंच हाव."

सगळे हसले. भागाबाईंनी भावाच्या खांद्यावर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली आणि मग त्या खऱ्या रडायला लागल्या. हे म्हणाले, "रड, रड. डोळ्याले पाणी आलंच हाय त जाताना धडाभर कांदे घेऊन जा."

उत्तमराव एका पोत्यावर टेकले. त्यांना घाम सुटला होता. म्हणाले, "वहिनी, माफ करा. मी सकाळी बासरले गेलो होतो. घाटावर तुमचा अमृत दिसला. डोकं सफाचट. मिशी बी नाही. एकटाच गंगेकडे पाहून राह्यला होता."

"काही विचारलं नाही त्याला?"

"असं पोर घाटावर दिसल्यावर काय इचारते माणूस? पाठीवर हात ठेवला. त्यानं 'हाव काका' म्हणलं. मंग मी आलो निघून. आन मेलेल्याच्या घरी फोन तरी कोण लावते?"

आमच्याकडची रीत इथं सांगायला हवी. डोकं तर तिरुपतीला जाऊन आलेले सगळेच काढतात, आणि शहरात शिकणारी पोरं हल्ली मिशी ठेवतही नाहीत. पण आमच्या घरात बाप जिवंत असेपर्यंत मुलगा मिशीला वस्तरा लावत नाही. ती बापाच्या दहाव्याला उतरवायची. डोकं आणि मिशी दोन्ही उतरलेला तरुण पोरगा, तोही बासरला गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, घाटावर, जिथं आमच्या भागातले लोक अस्थी घेऊन जातात, याचा कुणालाही एकच अर्थ लागला असता. उत्तमरावांची त्यात काही चूक नव्हती.

अमृत, आमचा एकुलता एक, हैदराबादला नाटकाच्या एम.ए.ला होता. पहिलं वर्ष संपलं होतं. दुसरं जुलैत सुरू व्हायचं होतं, आणि त्यात त्याला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. बौद्ध भिक्षूचं. त्या तोंडाची सवय व्हावी म्हणून त्यानं डोकं आणि मिशी आत्तापासूनच गुळगुळीत ठेवायला सुरुवात केली होती. आगगाडीनं येताना तो मुद्दाम बासरला उतरला, नाटकाची संहिता सरस्वतीच्या पायावर ठेवली, आणि मग घाटावर जरा बसला. इतकंच.

तो संध्याकाळच्या बसनं उतरला. हसत. उन्हात त्याचं डोकं नव्या मडक्यासारखं दिसत होतं आणि वरचा ओठ एखाद्या लहान मुलासारखा उघडा.

"आत्या! तू कधी आली?"

"तुह्या बापाच्या मातीले आली होती," भागाबाई म्हणाल्या. "माती अजून व्हाची हाय म्हणते. थांबते मंग आता."

अमृतला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यानं बापाकडे पाहिलं. दुपारी सगळ्यांना हसवणाऱ्या माणसानं त्याच्या डोक्याकडे पाहिलं, ओठाकडे पाहिलं, आणि तागडी उचलली. समोरच्या बाईनं अर्धा किलो मिरची मागितली होती. यांनी एक किलो घातली आणि पैसे अर्ध्याचेच घेतले.

त्या दिवसापासून उद्धवराव अमृतशी बोलले नाहीत.

अमृत लहानपणी या दुकानातच नकला करायला शिकला. कोणती बाई वांगं कसं दाबून बघते, कोण भाव विचारून दुसरीकडे बघतो, कोण कोथिंबीर फुकट मागताना आवाज कसा बारीक करतो. गिऱ्हाईक गेलं की तो ते गिऱ्हाईक व्हायचा. सगळ्यात जास्त हसायचे ते त्याचे बाबा. मी किनवटला बी.ए. केलं आहे, मला वाटे पोरानं शिक्षक व्हावं. उद्धवराव म्हणाले, "नाटकाची शाळा हाय त जाऊ दे ना वं. माह्या टाइमले असती त मी बी गेलो असतो." आणि त्याला बसमध्ये बसवताना एवढंच म्हणाले होते, "सोंग कर बापा. पण घरी येताना तोंड धुऊन ये."

आता हे सोंग धुऊन जाणारं नव्हतं.

मी अमृतला विचारलं, "अरे, रबराची टोपी असते ना, टकलाची?"

"असते. पण आमचा प्रयोग मोठ्या स्टेजवर नाही, खोलीत आहे. पहिली रांग हातभर अंतरावर. टोपीची कड दिसते, घाम आला की सुरकुतते. आणि पहिला अर्धा तास भिक्षू एक शब्द बोलत नाही, आई. नुसता उभा. लोक माझं तोंड आणि डोकं एवढंच बघणार."

ओसरीवरून आवाज आला. माझ्यासाठी. "त्याले इचार, बोलाचंच नाही त केस कशाले काढा लागते?"

अमृत माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबांना सांग, सर म्हणतात तुझं तेलुगू सुधारेपर्यंत भिक्षू गप्पच बरा."

मला हसू आलं. यांनाही आलं असावं, कारण ते उठून मळ्याकडे गेले. अमृतचं तेलुगू हा त्याच्या वर्गातला विनोदच होता. आंध्र-तेलंगणा एक राज्य होतं तोवर आंध्र किनारपट्टीची पोरं इकडच्या सगळ्यांच्याच तेलुगूला हसत. तेलंगणा झालं, इकडच्या बोलीला मान आला. अमृतच्या तोंडात मात्र मराठी होती, आणि ती दोन्हीकडे उपरीच राहिली. तो महाराष्ट्रात गेला की तिकडची पोरं म्हणत, तू तेलंगणाचा. म्हणून त्याला तो गप्प राहणारा भिक्षू इतका आवडला असेल का, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

बापलेकांचं बोलणं माझ्यातून चालू राहिलं. "त्याले सांग, जेवून घे म्हणा." "बाबांना विचार, मळ्यातली मोटार बंद करू का?" दोघं एका ओसरीवर, चार हातांवर बसलेले असायचे. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "मी काही पोस्टमन नाही." मग पुन्हा, "कौशल्या, त्याले सांग..."

एकदा मात्र हे त्याच्याशी बोलले. म्हणजे बोलले राहीबाईंशी, पण अमृत टोमॅटो निवडत बाजूलाच होता. राहीबाई आमच्या शेजारीण, वयानं मोठ्या, जिभेनं त्याहून.

"राहीबाई, तुमी पाह्यली ना माही राधा?"

"पाह्यली ना बापा. मिशीची राधा! कोण इसरंल?"

दिवाळीनंतर गावात पूर्वी सोंगं व्हायची. रात्रभर. उद्धवराव तरुणपणी त्यात राधा व्हायचे. लग्नानंतरची दोन वर्षं मीही पाहिलेली आहे. माझंच लुगडं नेसलेली.

"मंग मिशी दिसली का तुमाले?"

"आंधी दिसली."

"आन् मंग?"

"मंग नाही दिसली."

"काऊन?"

"तुमी पदर धरत होते ना तोंडावर! आन् अशे लाजत होते, अशे लाजत होते, का माह्या मालकानं घरी येऊन मले म्हणलं, तू एक दिवस तरी अशी लाजली का वं?"

राहीबाई हसता हसता खोकल्या. यांनी तागडीत वजन टाकलं. "बारा वर्षं राधा झालो. बाप जित्ता होता. मिशीले हात नाही लावला. झाकलं का लोकाले जे पाहाचं ते दिसते."

अमृतनं टोमॅटोवरून मान वर केली. "आम्हाला झाकू देत नाहीत, बाबा. सगळं दाखवावं लागतं."

मला वाटलं, आता हे त्याला उत्तर देतील. चांगलं वा वाईट, पण त्याच्याकडे बघून. ते राहीबाईंना म्हणाले, "भेंडी घेता का? कवळी हाय."

जूनभर अमृतची तयारी चालली होती. नव्या वर्षात भिक्षू, त्यानंतर आणखी दोन नाटकं, एकाची प्रकाशयोजना, शिवाय प्रबंध. सकाळी कांद्याच्या चाळीत तो चालायचा. फक्त चालायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, इतक्या हळू की चिमण्या उडत नव्हत्या. हातात वाडगा म्हणून आमचं दह्याचं भांडं. मी होळीत पळसाची फुलं वाळवून ठेवली होती. ती उकळून त्याच्यासाठी मांजरपाटाचं कापड रंगवलं. रंग फार सुंदर आला. ते वाळत घातलेलं बघून हे म्हणाले, "संन्यास बी घेतला वाटते."

पण दुपारी पावसाची सर आली तेव्हा मी मळ्यात होते, अमृत चाळीत. परत आले तर कापड दोरीवर नव्हतं. घडी करून माझ्या खाटेवर ठेवलेलं होतं, कोरडं. घरात तेव्हा एकटे उद्धवरावच होते.

जायचे दिवस जवळ आले तसे ते एकदा मला म्हणाले, "त्याले सांग, मिशी येऊस्तोर थांब म्हणा. जास्त नाही. दुकानात बस म्हणा माह्या बाजूले. येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसू दे, बाप जित्ता हाय. मंग जा म्हणा."

यात हट्ट नव्हता. मी इतक्या वर्षांत त्यांचा आवाज ओळखायला शिकले होते. त्यात विनवणी होती. हल्ली जेवण झाल्यावर ते छातीवर हात फिरवत बसायचे. पित्त आहे म्हणायचे. मी दवाखान्याचं काढलं की म्हणायचे, "पोरानं मले घाटावर पोचवलं, आता तू दवाखान्यात पोचव."

मी अमृतला सांगितलं. त्यानं हातातलं दह्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आई, थांबलो तर काम दुसऱ्याला देतील. तालमी पहिल्या दिवसापासून आहेत. आणि मिशी आली तरी तिथं जाऊन पुन्हा काढावीच लागेल. सप्टेंबरपर्यंत. मग थांबून काय?"

त्याचं खरं होतं. यांचंही खरं होतं. मी मध्ये उभी होते आणि दोघांना एकमेकांचे निरोप सांगत होते, आणि प्रत्येक निरोप माझ्या तोंडून जाताना थोडा थंड होत होता.

तो निघाला त्या सकाळी उद्धवराव बसथांब्यापर्यंत आले. मला अपेक्षा नव्हती. थांब्यावर गर्दी होती, आदिलाबादच्या बाजाराचा दिवस. लोक अमृतकडे बघत होते, मग यांच्याकडे, मग पुन्हा अमृतकडे. एक म्हातारा तर यांना म्हणाला, "काय मालक, पोरगं तुमच्यावर रागावलं का?" अमृत खाली बघत उभा होता. त्याची ती सगळी तालीम, अर्धा तास नुसतं उभं राहण्याची, त्या पाच मिनिटांत त्याला कामी आली नाही. कान लाल झाले होते.

बस दिसली. तेव्हा उद्धवराव पुढे झाले. खांद्यावरची दस्ती काढली, त्यांची नेहमीची, निळ्या चौकड्यांची, मोठ्या रुमालाएवढी. झटकली. आणि पोराच्या डोक्याला बांधली. दोन वेढे, मागे गाठ, एक टोक गळ्यावर. अमृतनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी हात वर उचलला होता, पण तोवर कंडक्टर ओरडला आणि अमृत चढला.

बस गेल्यावर मी विचारलं, "का हो बांधली?"

ते म्हणाले, "लोकं पाहून राह्यले होते."

आणि भाजीवर पाणी मारायला निघून गेले.

त्यानंतर अमृत रविवारी फोन करायचा. हे फोन उचलायचे, आवाज ऐकायचे आणि मला द्यायचे. "तुहा हाय." एकदा मी मुद्दाम गोठ्यात थांबले. मला वाटलं, दोन वाक्यं तरी होतील. ते फोन हातात धरून मला शोधत गोठ्यापर्यंत आले. अमृत पलीकडे "हॅलो, हॅलो" करत होता.

पोळा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, कांद्याचं पोतं सरकवताना ते खाली बसले. म्हणाले, "पित्त चढलं." गाडी आणली तोवर त्यांचा हात गार होता. आदिलाबादच्या वाटेवरच सगळं संपलं.

अमृत संध्याकाळी पोचला. भिक्षूचा प्रयोग आठवड्यावर आला होता. रंगीत तालमीसाठी त्यानं आदल्याच दिवशी डोकं आणि ओठ पुन्हा स्वच्छ करून घेतले होते. तो बसमधून उतरला तेव्हा थांब्यावरच्या कुणालाही काही सांगावं लागलं नाही.

दहाव्याला पुरुष नाल्यावर गेले. मी गेले नाही. आमच्यात बायका जात नाहीत. जे झालं ते मला आमच्या न्हाव्यानं, धोंडीबांनी, नंतर सांगितलं. अमृतचं जावळ त्यांनीच काढलं होतं. अमृत समोर बसला, मान खाली केली. धोंडीबांनी डोक्याला पाणी लावलं, वस्तरा ठेवला, आणि हात थांबला.

"काय काढू बापा?" ते म्हणाले.

"असेल ते काढा," अमृत म्हणाला.

नऊ-दहा दिवसांचे खुंट होते फक्त. दगडावर केस पडायला हवे होते, तिथं काळ्या पिठासारखं काहीतरी पडलं आणि पाण्यात गेलं. ओठावर तर तेवढंही नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, हळू नाही, ऐकू जाईल असं, "यानं त आंधीच देऊन टाकले होते. बाप जित्ता असताना." धोंडीबांनी वळून शिवी दिली. अमृत तसाच बसून राहिला. दोनदा सांगावं लागलं, झालं म्हणून, तेव्हा उठला.

भागाबाई आल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. आधी भावाच्या पायाशी, मग त्याच्या फोटोपाशी बसून राहिल्या, तेराव्यापर्यंत. एकदा मला म्हणाल्या, "मले रडू येऊन नाही राह्यलं, वहिनी. मी आंधीच रडून बसली." आणि मग, "म्या त्या दिवशी त्याचं नाव घेऊन रडाले नव्हतं पाहिजे." मी त्यांना जवळ घेतलं. मला कळत होतं की हे घर आता दोन माणसांना गुन्हेगार करणार आहे, आणि दोघांनीही काही केलेलं नाही.

अमृत परत गेला नाही. भिक्षूचं काम दुसऱ्या मुलानं केलं. म्हणे चांगलं केलं. पळसात रंगवलेलं कापड विद्यापीठातच राहिलं होतं, त्या मुलानं तेच नेसलं.

दसऱ्याला नवे जिल्हे झाले. मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेलं, आम्ही आदिलाबादेत राहिलो. भागाबाई फोनवर म्हणाल्या, "आता तुमी येगळ्या जिल्ह्याच्या, मी येगळ्या." ही थट्टा त्यांनी जूनमध्ये भावासाठी तयार ठेवली होती, हे मला माहीत होतं, कारण तेव्हा सगळीकडे नव्या जिल्ह्यांचीच चर्चा होती. भाऊबीजेला त्या आल्या नाहीत. कुणाकडे येणार?

वर्षभर अमृत दुकानात बसला, बापाच्या जागेवर. हे म्हणाले होते तसाच. फक्त बाजूला बाप नव्हता. मिशी आली, चांगली दाट, टोकाला यांच्यासारखीच वळणारी. गिऱ्हाइकं म्हणायची, "मालकच बसल्यासारखे वाटतात." तो वजन बरोबर करायचा, उधारी नीट ठेवायचा, मळ्यात पाणी सोडायचा. नक्कल एकही केली नाही. राहीबाईंनी कितीदा डिवचलं, "अरे, माही तरी कर! मी मरायच्या आंधी कर!" तो नुसतं हसायचा. निळी दस्ती तो आला तेव्हा बॅगेत होती. ती त्यानं धुतली आणि दुकानातल्या खिळ्याला लावली. ती कुणी वापरली नाही.

विद्यापीठानं त्याला दुसऱ्या वर्षाला पुन्हा घेतलं. मीच मागे लागले होते. मे महिन्यापासून तयारी सुरू झाली. मला आनंद झाला. चाळ साफ करून ठेवली, त्याला चालायला. तो चाळीत गेलाच नाही. खोलीत बसून जाडजूड पुस्तकं वाचायचा, वायरी, स्विच, रंगीत कागद. या वर्षी चार नाटकं आहेत म्हणाला, श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही.

मी विचारलं, "तुझं काम कोणतं त्यात?"

"चारही नाटकांचा प्रकाश मी घेतलाय."

"आणि उभा कशात राहणार?"

"उभाच असतो ना आई. दिव्यांमागे."

"अमृत."

"तोंडाला मी आता काही करणार नाही," तो म्हणाला. "लावणार नाही, काढणार नाही. आहे ते राहू दे."

मी भांडले त्याच्याशी. रीत आता सुटली आहे, तुला मोकळीक आहे, असंही म्हणाले. बोलल्यावर कळलं की मी काय बोलले. बाप नाही, म्हणून मोकळीक. तो उठून टोमॅटोच्या क्रेटपाशी जाऊन बसला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. तो नासके टोमॅटो बाजूला काढत होता. एकदम म्हणाला, "आई, बाबांनी त्या दिवशी दस्ती का बांधली होती?"

मला माहीत होतं, हा प्रश्न वर्षभर त्याच्या तोंडाशी आहे. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

"ऊन होतं रे."

"आभाळ होतं, आई. बस निर्मलला पोचेपर्यंत पाऊस लागला."

खिळ्यावर दस्ती होती. मी तिच्याकडे बघत म्हणाले, "मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, लोकं पाहून राह्यले होते."

अमृतचा हात थांबला. तो ते वाक्य हळूच स्वतःशी म्हणाला. "लोकं पाहून राह्यले होते."

मी दचकले. तो उद्धवरावांचा आवाज होता. तीच खरखर, 'राह्यले'वर तीच किंचित ओढ. वर्षभरात त्यानं केलेली पहिली नक्कल.

त्यालाही ते कळलं. तो माझ्याकडे वळला. "असं म्हणाले?" आणि पुन्हा म्हणून दाखवलं, चिडून, मान वळवून, जसं कुणी अब्रू गेल्यावर म्हणेल तसं. "की असं?" आता आवाज खाली आला, जवळ आला, जसं कुणी पोराला गर्दीतून आडोशाला घेताना म्हणेल. "की नुसतंच? काहीच न घालता?" आणि तिसऱ्यांदा म्हटलं, कोरडं, भेंडीचा भाव सांगावा तसं.

तीनही वेळा ते उद्धवरावच होते. दुकानात उभे होते.

"सांग ना, आई. तू ऐकलंस. त्यातलं कोणतं?"

मी डोळे मिटले. थांबा आठवला, बसचा धूर आठवला, त्यांचा उचललेला हात आठवला. पण आवाजाच्या जागी आता हे तीन आवाज होते आणि चौथा, खरा, मला सापडेना. मघापर्यंत तो माझ्याकडे होता. मी वर्षभर जपला होता.

"मला नाही आठवत," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मला वाटलं रडेल. त्यानं उरलेले टोमॅटो निवडले, क्रेट सावलीत सरकवला आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बसमध्ये बसवून आले. डोक्यावर दाट केस, ओठावर बापाची मिशी. थांब्यावर कुणी वळूनही पाहिलं नाही. दस्ती खिळ्यावरून त्यानं स्वतःच घेतली होती, वायरींच्या पिशवीत. कशाला, ते विचारलं नाही. आता तो तिथं अंधारात उभा राहील, दिवे कमी-जास्त करायच्या खुंट्यांवर हात ठेवून, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडावर उजेड टाकेल, लोकांना पाहता यावं म्हणून.

मी अधूनमधून ते वाक्य म्हणून बघते. दुकान झाकताना, भाजीवर ओलं पोतं टाकताना. लोकं पाहून राह्यले होते. मला नकला येत नाहीत. कसंही म्हटलं तरी आवाज माझाच येतो.